टायरवरचं शेवटचं अक्षर

टायर बदलायची वेळ आली की आपण माप विचारतो आणि किंमत विचारतो. मापाच्या शेवटी असलेलं अक्षर मात्र फारसं कोणी वाचत नाही. समजा, टायरच्या बाजूवर ‘१९५/६५ आर १५ ९१ एच’ असं छापलेलं आहे. सुरुवातीचे आकडे रुंदी, उंची आणि रिमचे. ९१ हा भारांक, म्हणजे हा एक टायर ६१५ किलो पेलतो. आणि ‘एच’ म्हणजे टायरचा कमाल वेग, ताशी २१० किलोमीटर. ‘एस’ १८०, ‘टी’ १९०, ‘व्ही’ २४०, ‘डब्ल्यू’ २७०. यात ‘एच’ आपली जागा सोडून ‘यू’ आणि ‘व्ही’च्या मध्ये बसतो, कारण जुन्या वर्गवारीत एस, एच, व्ही अशी मोजकीच अक्षरं होती, बाकीची पुढे भरली गेली.

आता दुकानात ‘एच’ संपलाय, ‘टी’ आहे आणि जरा स्वस्तही आहे. मी कधी १२०च्या वर जात नाही, मग १९० काय नि २१० काय, असं कोणालाही वाटेल. पण टायर वेगाने मरत नाही, उष्णतेने मरतो, आणि हे अक्षर खरं तर उष्णता सोसण्याच्या ताकदीबद्दल बोलतं.

वरच्या मापाच्या टायरचा परीघ जवळजवळ २ मीटर भरतो. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला १४ फेरे घेतो. दर फेऱ्यात रबराचा प्रत्येक भाग रस्त्यावर दबून सपाट होतो आणि सुटला की पुन्हा गोल होतो. तासाभरात ५० हजार वेळा. तार मागे-पुढे वाकवत राहिलं की वाकते तिथे ती तापते, तसंच रबराचं. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, उरलेली आतच उष्णता होऊन राहते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, म्हणून जास्त तापतो.

दुसरा ताण बाहेरच्या दिशेने. ताशी २१० किलोमीटरला टायरच्या कडेवरचं १० ग्रॅम रबर जवळपास ११ किलो वजनाएवढ्या जोराने सुटू पाहतं. वेग आणखी चढला की दबलेला भाग पूर्ववत व्हायच्या आतच पुन्हा रस्त्याला भिडतो. मग टायरच्या मागच्या बाजूला लाटा उभ्या राहतात. फिरत्या रबरावर त्या एकाच जागी थिजल्यासारख्या दिसतात. या अवस्थेत तापमान झपाट्याने चढतं आणि नक्षीचा थर आतल्या पोलादी पट्ट्यांपासून सुटतो. ते रोखायला वरच्या वर्गाच्या टायरमध्ये या पट्ट्यांवर नायलॉनचा एखादा थर जास्त गुंडाळतात आणि कमी तापणारं रबर वापरतात.

अक्षर मिळतं ते प्रयोगशाळेत. नवाकोरा टायर, ठरलेली हवा, ठरलेला भार, मोठा फिरता ड्रम. वेग टप्प्याटप्प्याने चढवत जातात. घासून गोटा झालेल्या, पंक्चर काढलेल्या, हवा कमी असलेल्या टायरबद्दल ते अक्षर काहीच हमी देत नाही. गाडी बनवणाऱ्याने ‘एच’ सांगितलेला असतो तेव्हा १२०वर उरणारी मोकळीक याच हेळसांडीसाठी कामी येते. स्वस्तात ‘टी’ घेणारा ती थोडी विकून टाकतो. उद्या टायर फुटेल असं नाही. पण कंपनीने ब्रेक, सस्पेन्शन आणि वळणावरची पकड ज्या टायरवर जुळवली, तो हा नव्हे. माझं मत सरळ आहे: सांगितलेल्या अक्षराच्या खाली उतरू नये.

वर चढायला हरकत नाही, फक्त ते फुकट नसतं. ‘व्ही’ टायर बहुधा कडक असतो. स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देतो, पण खड्डे जास्त जाणवतात आणि अनेकदा लवकर झिजतो. रोज गर्दीतून कामावर जाणाऱ्याने त्यावर जास्तीचे पैसे का घालावेत, मला कळत नाही.

चारही टायर एकाच अक्षराचे असणं उत्तम. दोनच बदलायचे असतील आणि अक्षरं वेगळी असतील, तर कमी वर्गाची जोडी पुढे घालतात. उलट केलं तर वळणावर गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जाण्याचा धोका वाढतो. आणि तेव्हापासून गाडीची वेगमर्यादा सर्वांत खालच्या अक्षराची.

खाली उतरण्याला एक मान्य अपवाद आहे, बर्फातले टायर. त्यांचं रबर थंडीत मऊ राहावं असं बनवलेलं आणि नक्षी खोल, म्हणून वरचा वर्ग मिळवणं अवघड. जर्मनीत अशा टायरला गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी वर्ग चालतो, पण टायरची मर्यादा लिहिलेलं स्टिकर चालकाच्या नजरेसमोर लावावं लागतं.

अक्षर जुळलं तरी शेजारचा भारांक तपासायचा राहून जातो. ९१ऐवजी ८८ घेतला तर टायरमागे ५५ किलो कमी, चारांचे मिळून २२०. अक्षर आणि भारांक दोन्ही चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडतात.