चंद्रावरचे खड्डे म्हणजे विझलेले ज्वालामुखी? नाही हो!

चंद्रावरचे खड्डे म्हणजे विझलेल्या ज्वालामुखींची तोंडं, असं अजूनही बरेच जण छातीठोकपणे सांगतात, आणि खरं सांगायचं तर एकेकाळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. हे चित्र पालटण्यात मोठा वाटा यूजीन शूमेकर या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाचा. या माणसाने आधी नेवाडात अणुचाचण्यांनी पडलेले खड्डे बघितले, मग अ‍ॅरिझोनातला साधारण 1.2 किमी रुंदीचा मिटिअर क्रेटर तपासला, तर दोन्हीकडे खडकांचे थर सारखेच उलटेपालटे झालेले! 1960 मध्ये त्याला आणि सहकाऱ्यांना मिटिअर क्रेटरमध्ये कोएसाइट सापडलं, म्हणजे क्वार्ट्झवर प्रचंड दाब आला की होणारं खनिज, आणि एवढा दाब ज्वालामुखीच्या स्फोटात येतच नाही, म्हणजे वरूनच काहीतरी आदळलं असणार. चंद्रावरचे खड्डेही असेच, वरून काहीतरी आदळून पडलेले.

आपल्या लोणारचंही तेच. सगळीकडे बेसॉल्ट म्हणजे लाव्हाचाच दगड, त्यामुळे सरोवर ज्वालामुखीचं वाटणं साहजिक होतं, पण तिथे मॅस्केलिनाइट नावाची आघाताने बनणारी काच मिळाली आणि विषय संपला.

अर्थात चंद्रावर ज्वालामुखी नव्हतेच असं नाही हां, ते काळे डाग दिसतात ना, तो गोठलेला लाव्हाच आहे.

शूमेकरला स्वतः चंद्रावर जायचं होतं, अ‍ॅडिसनच्या आजाराने ते राहिलं, मग त्याने अपोलोच्या अंतराळवीरांना भूगर्भशास्त्र शिकवलं. 1997 मध्ये तो वारला, आणि 1999 मध्ये लुनार प्रॉस्पेक्टर यान त्याच्या थोड्या अस्थी घेऊन चंद्रावर आदळलं.