कॉलम खालपर्यंत गेलाच नाही तर?

पार्किंगमध्ये उभे राहून वर पाहिले की कधीकधी एखादा बीम शेजारच्या बीमपेक्षा दुपटीने खोल दिसतो. पहिल्या मजल्यावरचा कॉलम नेमका त्याच्या डोक्यावरून सुरू झालेला असतो आणि खाली मात्र गाडी वळवायला मोकळी जागा असते. हा फ्लोटिंग कॉलम. नाव तरंगता असले तरी तो तरंगत नाही, बीमच्या मानगुटीवर बसलेला असतो.

आधी नुसत्या वजनाचा हिशेब करू. कॉलमच्या वाट्याला दर मजल्याचे १६ चौरस मीटर क्षेत्र आले आणि चौरस मीटरला १.२ टन धरले, तर सात मजल्यांचे सुमारे १३५ टन होतात. हा बोजा ६ मीटर बीमच्या मधोमध आला, तर दोन्ही टोकांना नुसता टेकलेला बीम धरून बेंडिंग मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा परिणाम, २०० टन-मीटरच्या पुढे जातो. मीटरला ३ टन पेलणाऱ्या तेवढ्याच लांबीच्या साध्या बीममध्ये तो १३.५ असतो. म्हणजे १५ पट! तरीही हे गणित सुटते. बीम खोल करायचा, सळ्या वाढवायच्या आणि डिझाइनमध्ये ठरलेला टप्पा येईपर्यंत खालचे टेकू काढायचे नाहीत.

भूकंपाचे गणित असे सुटत नाही. इमारतीचे बरेचसे वजन स्लॅबच्या पातळीवर असते, म्हणून हादऱ्यातले जडत्वाचे बलही तिथेच निर्माण होते. त्याला पायापर्यंत उतरायला सरळ वाट हवी. इथे ती वाट बीमवर अडते, आडवी वळते आणि शेजारच्या कॉलममध्ये शिरते. त्यातच इमारत डोलताना कडेच्या कॉलममधला दाब एका हेलकाव्यात वाढतो, दुसऱ्यात घटतो. फ्लोटिंग कॉलम कडेला असेल तर हा वर-खाली होणारा बोजा थेट बीमवर येतो, वर जमिनीच्या उभ्या हादऱ्याची भर.

मग बीम आणखी दणकट करावा? नेमकी इथेच फसगत होते. भूकंपात बीम आधी वाकावेत आणि कॉलम शाबूत राहावेत, असा डिझाइनचा नियम आहे, कारण बीम गेला तर नुकसान बहुधा तेवढ्यापुरते राहते आणि कॉलम गेला तर वरचे सगळे मजले खाली येतात. बीम अवाढव्य झाला की क्रम उलटतो आणि त्याला धरणारे कॉलम आधी मोडतात. तळमजल्यावर कॉलम आधीच कमी, भिंतीही नाहीत, त्यामुळे बहुतेक सगळी हालचाल त्याच एका मजल्यात एकवटते.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे बाहेर काढलेल्या कॅन्टिलिव्हर बीमच्या टोकावर कॉलम. त्या बीमला आधार एकाच बाजूचा, दुसरी वाटच नाही. २००१ च्या भूज भूकंपात २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या इमारती कोसळल्या, त्यांत मोकळा तळमजला आणि बाहेर काढलेले वरचे मजले ही जोडी दिसली होती.

म्हणूनच आयएस १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत, आडवे बल पेलणाऱ्या मुख्य सांगाड्यात असे कॉलम नकोत, असे स्पष्ट म्हटले आहे. जिथे असा कॉलम आधीच आहे, तिथे बीमखालच्या कॉलममध्ये उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या, जवळजवळ घातलेल्या रिंगा पूर्ण उंचीभर हव्यात, फक्त टोकांना घालून भागत नाही. रिंगेचे हुक १३५ अंशांत आत वळलेले हवेत. ९० अंशांचा हुक सळ्यांवरचा काँक्रीटचा थर (कव्हर) उडताच उघडतो.

जुन्या इमारतीत ‘खाली एक नवा कॉलम उभारून टाकू’ हा उपाय सर्रास सुचवला जातो. मूळ बीमच्या मध्यावर मुख्य सळ्या तळाशी असतात, कारण तो तिथे खाली झुकणार असे धरलेले असते. तिथे नवा आधार दिला की त्या जागी ताण वरच्या बाजूला येऊ शकतो, आणि वर पुरेशा सळ्याच नसतात. शिवाय जॅकने बोजा चढवल्याखेरीज आणि वरची फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटीत भरायच्या पातळ मसाल्याने) भरल्याखेरीज नवा कॉलम जुन्या बोज्यातला काहीच घेत नाही, नुसता उभा राहतो.