पेनाची किंमत उणे साडेतीस रुपये

दिवाळीच्या सुट्टीत अमळनेरला बहिणीकडे गेलो होतो. संध्याकाळी लाइट गेली. इन्व्हर्टरवर एकच बल्ब चालू होता आणि त्याच्याखाली आठवीतली भाची गणिताच्या वहीवर फोन धरून बसली होती. गणित साधं होतं. दोन पेनं आणि १५ रुपयांची एक वही मिळून ३३ रुपये झाले, तर एका पेनाची किंमत किती? समीकरण तिने बरोबर मांडलं होतं: २क्ष + १५ = ३३. (वहीत इंग्रजी एक्स होता, मी जुन्या सवयीने क्ष लिहितोय.) फोटो काढल्याबरोबर फोनने पायऱ्यांसकट उत्तर दिलं: क्ष = उणे ६१ छेद २.

"मामा, पेन उणे साडेतीसला?"

बहिणीच्या सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग दुकानदारच आपले पैसा दी का?"

फोनने काय वाचलं, ते उत्तराच्या वर छापलेलं होतं. भाचीने सवयीने १५ मराठी आकड्यांत लिहिले होते. मराठी १ हुबेहूब इंग्रजी नवासारखा दिसतो आणि तिच्या हाताचा ५ इंग्रजी चारासारखा. म्हणजे फोनच्या लेखी ते झाले चौऱ्याण्णव. तेहतिसातून चौऱ्याण्णव गेले, उणे एकसष्ट, भागिले दोन. हिशेब चोख, वाचन चुकलेलं.

मला मात्र त्या चुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची गंमत वाटली. फोन बल्ब आणि वही यांच्या मधे आल्यामुळे पानाच्या डाव्या अर्ध्या भागावर त्याची सावली पडली होती. '२क्ष +' एवढा तुकडा सावलीत होता आणि तो फोनने बिनचूक वाचला. चुकला तो उजेडातल्या, स्वच्छ १५ वर.

'फोन गणित सोडवतो' याचंच लोकांना अप्रूप असतं. पण सोडवण्यात नवं काही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत जेम्स स्लॅगल यांनी १९६१ साली कॉलेजच्या पहिल्या वर्षाची संकलनं (इंटिग्रेशनची गणितं) सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. दोन्ही बाजूंतून १५ वजा करा, मग दोनाने भागा, हे नियम संगणकाला सांगणं त्या मानाने पोरखेळ. कित्येक दशकं अडलं होतं ते मुलांच्या वह्या वाचण्यापाशी. आणि वाचण्याची पहिली पायरी म्हणजे शाई कुठली आणि कागद कुठला हे ओळखणं.

कॅमेऱ्याला अक्षर दिसत नाही, ठिपक्यांची उजळी दिसते: ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. समजा उजेडात कागदाची उजळी २२० आहे आणि शाईची ११०. सावलीत कागद ९० वर येतो, शाई ४० वर. आता नीट बघा: सावलीतला कोरा कागद उजेडातल्या शाईपेक्षा काळा आहे! आपल्या डोळ्याला हे कधीच जाणवत नाही, कारण मेंदू आपसूक तुलना करत असतो. पण '१०० च्या खाली ती शाई' असा एकच नियम फोनला दिला, तर सावलीतला सगळा कागद शाई ठरेल आणि उजेडातली शाई कागद.

उपाय सरळ आहे. प्रत्येक ठिपक्याची तुलना ठरलेल्या आकड्याशी न करता त्याच्या शेजारपाजाऱ्यांच्या सरासरीशी करायची. शेजाऱ्यांपेक्षा बराच काळा असेल तर शाई. पण फोटोत १ कोटी २० लाख ठिपके, आणि शेजार म्हणून ६१ गुणिले ६१ चा चौकोन धरला तर प्रत्येक ठिपक्यामागे ३,७२१ आकड्यांची बेरीज. एकूण साडेचार हजार कोटींच्या आसपास. बॅटरी आणि भाचीची सहनशक्ती, दोन्ही संपतील.

इथे येते माझी लाडकी युक्ती. बँकेचं पासबुक आठवा. दोन तारखांच्या मधे किती शिल्लक वाढली हे बघायला कुणी एकेक नोंद मिळवत बसत नाही. शेवटच्या शिलकीतून आधीची शिल्लक वजा करतो. कारण पासबुकात चढती बेरीज असते. हेच आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी केलं तर? कपाशीचं एक शेत घ्या, नऊ वाफ्यांचं. वेचणीत निघालेला कापूस किलोत, ओळीने: ४, २, ५, मग ३, ६, १, मग २, ४, ७. आता प्रत्येक वाफ्यात त्याच्या स्वतःसकट वरच्या आणि डावीकडच्या सगळ्या आयताची बेरीज लिहून ठेवा. पहिली ओळ ४, ६, ११. दुसरी ७, १५, २१. तिसरी ९, २१, ३४. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चार वाफ्यांत किती कापूस निघाला? सगळं शेत ३४, त्यातून वरची पट्टी ११ वजा, डावी पट्टी ९ वजा. पण वरचा डावा कोपरा दोनदा वजा झाला, म्हणून त्याचे ४ परत मिळवा. आले १८. ताळा करा: ६ + १ + ४ + ७.

चौकोन चार ठिपक्यांचा असो की चार हजारांचा, बघावे लागतात चारच आकडे. तक्ता एकदा भरायला एक फेरी, आणि साडेचार हजार कोटींचं काम आठ-दहा कोटींत. फ्रँकलिन क्रो यांनी हा तक्ता १९८४ मध्ये संगणकी चित्रांसाठी मांडला. पुढे २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स या दोघांनी फोटोतले चेहरे झटपट शोधायला तो वापरला. संचांच्या धड्यात 'छेद दोनदा मोजला गेला' म्हणून जो वजा करतो, तेच हे तत्त्व, उलट बाजूने. (वाफ्यांत हरवला असाल तर पेन्सिल घेऊन एकदा तक्ता भरा. दोन मिनिटांत बसतं.)

शाई सुटी झाली की आकडे ओळखायचे. ते करणाऱ्या प्रोग्रॅमना, म्हणजे न्यूरल नेटवर्क नावाच्या जाळ्यांना, हजारो नमुने दाखवून घोटवून घेतात. या क्षेत्रातला सगळ्यांत गाजलेला संच अमेरिकेतल्या जनगणना खात्याचे कर्मचारी आणि शाळकरी मुलांच्या हस्ताक्षरांचा आहे: शिकवायला ६०,००० चित्रं, प्रत्येक २८ गुणिले २८ ठिपक्यांचं. त्यात मराठी १ औषधालाही नाही. अशा जाळ्यापुढे खुर्च्या दहाच, ० ते ९. समोर काहीही आलं तरी त्यांपैकी एकीवर बसवायचंच. मराठी १ नऊच्या खुर्चीत बसतो, आणि अगदी ऐटीत. देवनागरीचे संचही आहेत. नेपाळमधल्या संशोधकांनी केलेल्या एकात ९२,००० चित्रं आहेत, अंकांसकट. पण एकाच ओळीत दोन्ही लिप्या मिसळण्याची आपली खोड निराळीच पडते.

फोटोवरून गणित सोडवणाऱ्या ॲपांमधलं नावाजलेलं फोटोमॅथ २०१४ मध्ये क्रोएशियात निघालं, पुढे गूगलने घेतलं. भाचीच्या फोनमधलं वेगळं होतं.

त्याच आठवड्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की कृत्रिम बुद्धिमत्तेचा शोध चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला लागला, भास्कराचार्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. नाही हो. पाटणला शिलालेख आहे, तो खरा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मठ काढला, त्याचा तो लेख. आपल्याच जळगाव जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी गणिताची शाळा होती, ही गोष्ट एवढी मोठी आहे की तिला थापांचं ठिगळ लावायची गरज नाही.

आणि भास्कराचार्यांकडे खरोखर या गणिताच्या कामाचं काहीतरी आहे. त्यांच्या बीजगणितात माकडांचं एक उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय, एकूण किती? समीकरणाला दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. दोन्ही ताळ्याला बरोबर. पण ५ घेतलं तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले, उणे दोन. उणे दोन माकडं कुणी पाहिलीत? लोकांना उणे राशी पटत नाही, म्हणून दुसरं उत्तर घेऊ नये, असं ते सांगतात. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती लसूण सोलणाऱ्या आजीकडे बघून हसली.

मग तिने १५ खोडून इंग्रजी आकड्यांत लिहिले, पुन्हा फोटो काढला. क्ष = ९. सावली अजून तिथेच होती. पक्क्या वहीत उतरवताना मात्र तिने मराठी १५ च लिहिले. "सर असेच तपासतात," म्हणाली.