कुत्र्यांना अपायकारक खाद्यपदार्थ

कुत्र्यांना अपायकारक खाद्यपदार्थ : माणसाच्या आहारात निर्धोक मानले जाणारे, परंतु पाळीव कुत्र्याच्या पोटात गेल्यास विषबाधा, अवयवांची हानी किंवा अन्नमार्गास इजा घडविणारे पदार्थ. चॉकलेट, द्राक्षे व मनुका, कांदा व लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य), मॅकाडेमिया (एक कवचफळ), मद्य आणि यीस्ट घातलेली कच्ची कणीक हे त्यांतील प्रमुख होत. घातक मात्रा कुत्र्याच्या वजनावर अवलंबून असल्यामुळे ती दर किग्रॅ. वजनास किती अशी सांगतात. मोठ्या कुत्र्याला न बाधणारा तुकडा पिल्लाला बाधू शकतो तो यामुळेच.

माणसाच्या सहवासात कुत्र्याचे पचन बरेच बदलले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार स्टार्च पचविणाऱ्या अमायलेज एंझाइमाच्या जनुकाच्या लांडग्यात २, तर कुत्र्यात ४ ते ३० प्रती आढळतात. यावरून ‘आपण खातो ते कुत्र्याला चालते’ असा निष्कर्ष काढला जातो, तो बरोबर नाही. स्टार्च पचविणे वेगळे आणि वनस्पतींतील अल्कलॉइडे (नायट्रोजनयुक्त द्रव्ये) व अम्ले शरीराबाहेर टाकणे वेगळे. पुढील काही विषबाधा या दुसऱ्या कामातील उणिवेमुळे होतात.

चॉकलेट : यातील अपायकारक घटक थिओब्रोमीन आणि अल्प प्रमाणात कॅफीन हे होत. थिओब्रोमीन हे अल्कलॉइड रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र वोस्क्रेसेन्स्की यांनी १८४१ मध्ये कोकोच्या बियांतून वेगळे केले. नाव तसे असले, तरी त्यात ब्रोमीन नसते. ते अडिनोसिन या शरीरातील शामक द्रव्याच्या ग्राहींना (ते स्वीकारणाऱ्या पेशींवरील प्रथिनांना) अडविते व पेशींतील कॅल्शियम वाढविते. परिणामी हृदय व मज्जासंस्था उत्तेजित होतात. कुत्र्याच्या शरीरात त्याचा अर्धायुकाल (प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काल) सुमारे १७·५ तास, म्हणजे माणसातील कालाच्या साधारण दुप्पट असतो. दर किग्रॅ. वजनास सुमारे २० मिग्रॅ. मात्रेला उलट्या, जुलाब व अस्वस्थता, ४० ते ५० मिग्रॅ.ला हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता आणि ६० मिग्रॅ.च्या वर झटके संभवतात. साध्या दुधाळ चॉकलेटमध्ये दर ग्रॅममागे अंदाजे २ मिग्रॅ., गडद चॉकलेटमध्ये ५ मिग्रॅ. आणि बिनसाखरेच्या स्वयंपाकी चॉकलेटमध्ये १५ मिग्रॅ. थिओब्रोमीन असते. या हिशेबाने १० किग्रॅ. वजनाच्या कुत्र्यात पहिली लक्षणे दिसण्यास दुधाळ चॉकलेट १०० ग्रॅ. लागेल, पण स्वयंपाकी चॉकलेट १५ ग्रॅ.हूनही कमी पुरेल. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन नगण्य असते. त्यात धोका असलाच तर तो स्निग्धांशाचा. कॉफी व चहा यांची बाधाही याच प्रकारची असते.

द्राक्षे व मनुका : या गटातील सर्वांत वादग्रस्त विषय हा आहे. द्राक्षे खाल्लेल्या कुत्र्यांत तीव्र मूत्रपिंडनिकामी झाल्याच्या नोंदी अमेरिकेतील प्राणिविषबाधा केंद्राकडे साधारणपणे १९९० च्या आगेमागे जमू लागल्या आणि २००१ मध्ये त्या पशुवैद्यकीय वाङ्‌मयात मांडल्या गेल्या. त्यापूर्वी अशी बाधा होत नव्हती, की ती ओळखली जात नव्हती, यावर मतभेद असू शकतो. दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते. पहिल्या २४ तासांत उलट्या होतात व २४ ते ७२ तासांत लघवी घटते किंवा थांबते. मनुकांची बाधा दर किग्रॅ. वजनास सुमारे ३ ग्रॅ. इतक्या अल्प मात्रेतही नोंदलेली आहे. ताज्या द्राक्षांसाठी हा आकडा सुमारे २० ग्रॅ. आहे.

संशोधकांना कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, तेवढीच द्राक्षे खाऊन एक कुत्रा दगावतो, तर दुसऱ्याला काहीच होत नाही. त्यामुळे दोष फळाबाहेरच्या वस्तूकडे देण्याचा कल प्रथम होता. कीटकनाशके, जड धातू, बुरशीजन्य विषे यांची नावे पुढे आली. परंतु फवारणी न केलेल्या घरगुती वेलीच्या द्राक्षांनीही बाधा झाल्यामुळे पहिला तर्क मागे पडला आणि इतर तर्कांनाही ठोस पुरावा मिळाला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुविषवैद्यांनी वेगळा धागा मांडला. क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे पोटॅशियम बायटार्टरेट, घालून घरी केलेली खेळण्याची कणीक खाल्लेल्या कुत्र्याला अगदी द्राक्षबाधेसारखाच विकार झाला होता. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही पुढे तसेच आढळले. द्राक्षे, चिंच आणि क्रीम ऑफ टार्टर यांत समान असलेला घटक टार्टारिक अम्ल हा आहे आणि इतर बहुतेक फळांत तो इतक्या प्रमाणात नसतो. शिवाय त्याचे प्रमाण वेलीची जात, जमीन व पक्वता यांनुसार बदलते. वर सांगितलेल्या विसंगतीचा उलगडा अंशतः तरी यातून होतो.

कुत्राच का, याचे उत्तर मूत्रपिंडातील वाहक प्रथिनांत शोधले जाते. कार्बनी अम्ले पेशींबाहेर नेणारे ओएटी-४ हे प्रथिन माणसात असते, तर कुत्र्यात त्याचे कार्य नसल्यासारखेच असल्याचे दिसते. त्यामुळे अम्ल मूत्रनलिकेच्या पेशींत साचून त्या मरत असाव्यात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत टार्टारिक अम्लाने कुत्र्याच्या मूत्रपिंडपेशी मेल्या, माणसाच्या मेल्या नाहीत. मानवी ओएटी-४ बसविलेल्या कुत्र्याच्या पेशीही वाचल्या. हा पुरावा वजनदार असला, तरी एक सावधगिरी हवी. वापरलेल्या पेशींचा वाण १९५८ मध्ये एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडापासून तयार केलेला असून त्याचे गुणधर्म नलिकेच्या दूरस्थ (शेवटाकडील) भागाशी जुळतात. प्रत्यक्ष बाधेत हानी होते ती समीपस्थ (सुरुवातीच्या) भागात. तरीही उपलब्ध मतांपैकी टार्टारिक अम्लाचे मतच आज सर्वांत ग्राह्य आहे.

कांदा व लसूण : कांदा खाऊ घातलेल्या कुत्र्यांतील रक्तक्षयाचे वर्णन अमेरिकन आहारवैज्ञानिक विल्यम सेब्रेल यांनी १९३० मध्ये केले. या वनस्पतींतील गंधकयुक्त संयुगे तांबड्या रक्तपेशींतील हीमोग्लोबिनाचे ऑक्सिडीकरण करतात. पेशींत हाइन्ट्स पिंड (बिघडलेल्या हीमोग्लोबिनाचे गोळे) तयार होतात व पेशी फुटतात. यातील नेमके कारणीभूत संयुग म्हणून पूर्वी एन-प्रोपिल डायसल्फाइडाचे नाव घेत. उकळलेल्या कांदा-लसणातून मिळालेली थायोसल्फेटे अधिक प्रभावी असल्याचे नंतर दिसून आले. शिजविल्याने किंवा वाळविल्याने अपाय टळत नाही तो याचमुळे. दर किग्रॅ. वजनास १५ ते ३० ग्रॅ. कांद्याने रक्तात लक्षणीय बदल होतात, परंतु लक्षणे काही दिवसांनी उमटत असल्याने कारण सहज ध्यानात येत नाही. अकिता व शिबा इनू या जपानी जातींतील काही कुत्र्यांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम व ग्लुटाथायोन आनुवंशिकतेने जास्त असते आणि ते अधिक बाधाप्रवण असतात. ग्लुटाथायोन ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारे मानले जात असल्याने हे प्रथमदर्शनी उलटेच वाटते.

झायलिटॉल : बिनसाखरेचे च्युइंग गम, गोळ्या, टूथपेस्ट व काही प्रकारचे शेंगदाणा-बटर यांत वापरले जाणारे हे शर्करा-अल्कोहॉल माणसात इन्शुलीन फारसे वाढवीत नाही. कुत्र्यात ते ग्लुकोजापेक्षाही जास्त इन्शुलीन स्रवविते, हे जपानी संशोधकांनी १९६६ मध्येच शिरेवाटे दिलेल्या मात्रेत दाखविले होते. दर किग्रॅ. वजनास सुमारे ०·१ ग्रॅ.ने रक्तशर्करा कोसळते, कधी अर्ध्या तासातच, ०·५ ग्रॅ.पासून यकृतनिकामी संभवते. वेष्टनावर ते कधीकधी ‘बर्च शर्करा’ या नावाने असते.

इतर : मॅकाडेमियातील विषारी घटक अज्ञात आहे, मागील पायांत अशक्तपणा, थरथर व ताप येतो आणि बहुधा दोन दिवसांत उतार पडतो. कच्ची कणीक जठराच्या उबेत फुगते व तीतून तयार झालेले एथेनॉल रक्तात शिरते. ॲव्होकॅडोतील पर्सिन पक्षी व शेळ्या-मेंढ्यांना मारक असले, तरी कुत्र्याला ते क्वचितच बाधते. खरी अडचण गिळलेल्या बाठीची. बुरसटलेल्या अन्नातील पेनिट्रेम-ए या विषाने झटके येतात. अतिस्निग्ध खाण्याने स्वादुपिंडाचा दाह होतो. शिजविलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे आतड्याला भोक पाडू शकतात.

उपचार : थिओब्रोमिनावर किंवा झायलिटॉलावर विशिष्ट उतारा नाही. पदार्थ नुकताच खाल्ला असेल, तर पशुवैद्य ॲपोमॉर्फीन देऊन उलटी करवितो. घरी मीठ पाजून उलटी करविण्याची जुनी रीत टाळावी, कारण मिठाचीच विषबाधा होते. सक्रियित कोळसा थिओब्रोमीन शोषून घेतो. झायलिटॉलावर त्याचा विशेष उपयोग होत नाही, तेथे शिरेवाटे ग्लुकोज देतात. द्राक्षबाधेत शिरेवाटे द्रव देऊन मूत्रपिंडाचे कार्य निदान ४८ ते ७२ तास तपासत राहतात. थिओब्रोमीन मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषले जात असल्याने चॉकलेट खाल्लेल्या कुत्र्यास वरचेवर लघवीला नेतात किंवा नळी बसवितात.