ग्रहणापासून बिग बँगपर्यंत : कुराण आणि विज्ञान या वादाची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी मंडळी त्यांना दोन ठिकाणं हमखास दाखवतो. किल्ल्यावरचं शून्य आणि हजीऱ्यातली तानसेनाची समाधी. गेल्या हिवाळ्यात आत्येभावाचा मुलगा आला होता, शिक्षणाने इंजिनियर. किल्ल्याच्या चढावर खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे, तिथल्या शिलालेखापाशी तो बराच वेळ उभा राहिला. संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. देवाला दिलेली बाग १८७ हात बाय २७० हात, आणि रोजच्या माळा ५०. त्या २७० आणि ५० मधलं बारकं पोकळ वर्तुळ बघून तो म्हणाला, "काका, सगळं आपल्याकडे आधीच होतं."

संध्याकाळी हजीऱ्यात गेलो. तानसेनाच्या समाधीशेजारीच शेख मुहम्मद गौस यांचा भव्य मकबरा आहे, त्याच्या जाळीपाशी एक कॉलेजातला पोरगा भेटला. बोलता बोलता विषय निघाला, तर तो म्हणाला, "भाईसाहब, बिग बँग तो कुरान में चौदह सौ साल पहले से लिखा है." पाहुण्याने नाक मुरडलं. मला मात्र हसू आलं, कारण सकाळचंच वाक्य संध्याकाळी दुसऱ्या तोंडून ऐकत होतो.

हे वाक्य वाटतं तितकं जुनं नाही. कुराण जुनं आहे, मुसलमानांचं खगोलशास्त्रही जुनं आहे. पण पहिल्याने दुसऱ्याची साक्ष द्यावी, किंवा दुसऱ्याने पहिल्याला पास करावं, ही अपेक्षा जेमतेम दीडशे वर्षांची आहे.

सुरुवात ग्रहणापासून करू. इसवी सन ६३२ च्या जानेवारीत मदिनेत सूर्यग्रहण लागलं. त्याच दिवशी पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला होता. साहजिकच लोक म्हणू लागले, सूर्यानेही शोक केला. बापाला अशा वेळी ते ऐकून बरंही वाटलं असतं. पण हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद, सांगते की त्यांनी लोकांना अडवलं : सूर्य आणि चंद्र या ईश्वराच्या दोन खुणा आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. इथे 'खूण' यासाठी जो अरबी शब्द आहे तो 'आयत'. कुराणातल्या वचनालाही आयतच म्हणतात. ग्रंथातलं वचन आणि आभाळातली खूण यांना एकच शब्द, हे पुढच्या साऱ्या वादाचं मूळ आहे म्हटलं तरी चालेल.

पुढची काही शतकं धर्माला खगोलशास्त्राची गरज पडली ती अगदी व्यवहारातली. पाच नमाजांच्या वेळा सूर्यावर, महिने चंद्रावर, आणि मक्केची दिशा गोलीय त्रिकोणमितीवर. मोठ्या मशिदींत त्यासाठी पगारी 'मुवक्कित' नेमलेला असे, वेळ काढून देणारा. दमास्कसच्या उमय्या मशिदीतला चौदाव्या शतकातला मुवक्कित इब्न अल-शातिर याने चंद्राच्या गतीचं जे गणित मांडलं, तेच जवळजवळ दोनशे वर्षांनी कोपर्निकसच्या ग्रंथात दिसतं. आपलं गणित अमुक आयतीतून निघालं, असं सांगायची गरज या माणसाला कधी पडली नाही.

आपल्या माळव्याचाही यात हात आहे. आठव्या शतकात बगदादच्या अल-मन्सूर खलिफाच्या दरबारी भारतातून ज्योतिषाचा सिद्धान्त-ग्रंथ पोचला, त्याचं अरबी रूप 'सिंदहिंद' म्हणून गाजलं. भारतीय ज्योतिषी रेखांश उज्जैनपासून मोजत, म्हणून अरबांनीही तेच केलं. अरबी लिपीत उज्जैनचं 'उझैन' झालं, एक नुक्ता म्हणजे टिंब गळालं आणि 'अरीन' झालं, आणि युरोपातल्या लॅटिन पोथ्यांत हे अरीन पृथ्वीचा मध्यबिंदू म्हणून मिरवू लागलं. अशा नावाचं गावच नव्हतं, ही त्यातली गंमत! आमच्या शून्याबद्दलही एक कडू गोष्ट सांगून टाकतो. अल-ख्वारिज्मीने भारतीय अंकांवरचं पुस्तक नवव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलं. चतुर्भुज मंदिराचा शिलालेख त्यानंतरचा. म्हणजे किल्ल्यावरचं शून्य इथून उठून बगदादला गेलं नाही, ते आधीच तिथे पोचलेलं होतं.

ग्रंथ आणि गणित यांची टक्कर झाली तर काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही होताच. तत्त्वज्ञांवर तुटून पडलेला अल-गझाली (१०५८–११११) सहसा विज्ञानाचा मारेकरी म्हणून रंगवला जातो. पण तत्त्वज्ञांवर टीका करणाऱ्या त्याच्या ग्रंथाच्याच प्रस्तावनेत तो बजावतो की ग्रहणाचं गणित भूमितीने सिद्ध झालेलं आहे, धर्माच्या नावाखाली जो ते नाकारतो तो धर्माचंच नुकसान करतो. अडाणी मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा, ही आपल्या ओळखीची म्हण तो तिथे वापरतो.

अल-बिरूनी (९७३–१०४८) तर आमच्या जवळचा माणूस. भारतावरच्या ग्रंथात तो कनौज-खजुराहोच्या मुलखातल्या दोन नामांकित किल्ल्यांची नावं देतो, ग्वाल्हेर आणि कालिंजर. विश्वाच्या आकाराबद्दल लिहिताना तो म्हणतो की हिंदूंची पुराणं एक सांगतात आणि त्यांचे ज्योतिषी दुसरं. कुराण मात्र या विषयात असं काही बोलतच नाही की ज्याचा अर्थ ओढूनताणून जुळवावा लागेल. बिरूनीचा अभिमान कशाचा आहे ते बघा. कुराणात खगोलशास्त्र आहे असं तो म्हणत नाही. कुराण खगोलशास्त्राच्या वाटेत येत नाही, हे त्याला मोठेपणाचं वाटतं. ब्रह्मगुप्ताला ग्रहणाचं खरं कारण ठाऊक असूनही त्याने राहूची बाजू घेतली, याचा त्याला राग येतो, आणि मग थोडा नरमून तो म्हणतो, सॉक्रेटिससारखी आपली गत होईल अशी भीती त्याला वाटली असावी.

सगळं असंच गोड चाललं होतं असं मात्र समजू नये. इस्तंबूलमध्ये तकीउद्दीनने १५७७ मध्ये उभारलेली वेधशाळा १५८० मध्ये सुलतानाच्या हुकमाने पाडली गेली. आणि ज्यांच्या मकबऱ्यापाशी आमची चर्चा झाली त्या गौससाहेबांनाही गुजरातेत उलेमांच्या फतव्याला तोंड द्यावं लागलं होतं, तेही स्वर्गारोहणाच्या दाव्यावरून. याच गौससाहेबांनी योगावरच्या 'अमृतकुंड' ग्रंथाचं फारसी रूप 'बहर-उल-हयात' नावाने केलं. आसनं, श्वास, बीजमंत्र, सगळं त्यात आहे. त्यांना हे ज्ञान कुराणात आधीपासून असण्याची अट घालावीशी वाटली नाही, चांगलं दिसलं ते घेतलं.

सवाई जयसिंगाचंही तसंच. त्याच्या पदरच्या जगन्नाथ सम्राटाने, हा पंडित महाराष्ट्रातला असं परंपरा सांगते, नसीरुद्दीन तूसीच्या अरबी प्रतींवरून टॉलेमी आणि युक्लिड संस्कृतात आणले. जयसिंगाची ग्रहगतींची सारणी फारसीत, उलुग बेगच्या समरकंदी सारणीच्या वळणावर, आणि अर्पण दिल्लीच्या मुहम्मद शाहाला. त्याने उज्जैनला बांधलेली वेधशाळा पुढे मोडकळीला आली. १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार आमच्या माधवराव शिंद्यांनी केला. मांडवात सगळ्या जातीची वऱ्हाडी मंडळी, आणि कुणी कुणाची पत्रिका विचारत नाही, असा तो मामला.

मग 'हे ग्रंथात आधीच होतं' हे वाक्य आलं कधी? १८५७ नंतर. ग्वाल्हेरकराला हे साल समजावून सांगावं लागत नाही, फूलबागेजवळ राणीची समाधी आहे. त्या पराभवानंतर तोफ, तार आणि रेल्वे ही नुसती यंत्रं उरली नाहीत, ती जेत्यांच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा झाली. पुराव्याला उत्तर म्हणून ग्रंथ पुढे करायची वेळ आली.

सर सय्यद अहमद खान (१८१७–१८९८) यांच्या आयुष्यातच ही उलथापालथ दिसते. १८४८ मध्ये त्यांनी पृथ्वी फिरत नाही हे सिद्ध करणारी पुस्तिका लिहिली होती. १८६४ मध्ये त्याच सय्यदसाहेबांनी गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, इंग्रजी पुस्तकं उर्दूत आणली, पुढे अलीगढचं कॉलेज उभं केलं. त्यांचं सूत्र होतं : कुराण हा ईश्वराचा शब्द, निसर्ग हे ईश्वराचं काम, या दोहोंत विरोध असूच शकत नाही. विरोध दिसलाच तर आपण शब्दाचा अर्थ चुकीचा लावलाय. मग त्यांच्या भाष्यात चमत्कारांना नैसर्गिक अर्थ मिळाले, फरिश्ते निसर्गशक्ती झाले. उलेमा चिडले. जमालुद्दीन अफगाणींनी हैदराबादेत असताना 'नेचरी' म्हणजे निसर्गवादी मंडळींवर सणसणीत टीका लिहिली. गंमत अशी की १८८३ मध्ये पॅरिसला फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनानने इस्लाम आणि विज्ञान यांचं मुळातच जमत नाही असं व्याख्यान दिलं, तेव्हा त्याला जाहीर उत्तर देणारेही हेच अफगाणी.

आणि आपल्या घरातही पाहावं. सर सय्यद यांच्या ओळखीतल्या स्वामी दयानंदांनी त्याच सुमारास ऋग्वेदादिभाष्यभूमिकेत नौका, विमानं आणि तारविद्या वेदांत दाखवली. आजार एकच होता, काढे वेगळे.

विसाव्या शतकात इजिप्तच्या तंतावी जौहरीने २६ भागांचं कुराणभाष्य काढलं, वनस्पती-प्राण्यांच्या चित्रांसह. त्याचा हिशेब साधा : विश्वाकडे बोट दाखवणाऱ्या आयती ७५० हून जास्त, कायद्याच्या दीडशेच्या आसपास. मग आमच्या विद्वानांनी सारी बुद्धी कायद्यातच का घालवली? मला हा माणूस आवडतो. त्याला आयती दाखवून फुशारकी मारायची नव्हती, आपल्या लोकांना प्रयोगशाळेकडे ढकलायचं होतं.

फुशारकीचा जमाना तेलाच्या पैशाबरोबर आला. सौदी राजघराण्याशी संबंध असलेला फ्रेंच डॉक्टर मॉरिस ब्युकाय याने १९७६ मध्ये बायबल, कुराण आणि विज्ञान यांची तुलना करणारं पुस्तक लिहिलं. त्याचा निष्कर्ष असा की बायबलमध्ये विज्ञानाच्या चुका आहेत, कुराणात एकही नाही. अनेक भाषांत त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १९८३ मध्ये टोरोंटोचे शरीररचनाशास्त्रज्ञ कीथ मूर यांच्या गर्भविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाची इस्लामी पुरवणीसह आवृत्ती निघाली. १९८४ मध्ये मक्केत कुराण आणि सुन्नत (पैगंबरांच्या आचरणाची परंपरा) यांतल्या वैज्ञानिक खुणा शोधणारं मंडळच स्थापन झालं. या शाखेला 'इजाझ इल्मी' म्हणतात, म्हणजे विज्ञानातून दिसणारा कुराणाचा चमत्कार. हजीऱ्यातल्या पोराचं वाक्य या कारखान्यातलं.

त्याची आयत बघू. सूरा म्हणजे अध्याय २१, आयत ३० : आकाश आणि पृथ्वी एकमेकांना जोडलेली होती, आम्ही ती विलग केली. जुन्या भाष्यकारांनी याचे अर्थ दिले आहेत. एक असा की आकाश बंद होतं, पाऊस नव्हता, जमीन बंद होती, गवत नव्हतं, मग दोन्ही उघडली. शेतकऱ्याला लगेच कळेल असा अर्थ. सूरा ५१, आयत ४७ मधल्या 'मूसिऊन' या शब्दाचा अर्थ अनेकांनी 'सामर्थ्यवान' असा लावला. १९२९ मध्ये हबलने दीर्घिका दूर पळताना दाखवल्या, आणि त्यानंतर हाच शब्द 'विस्तारत नेणारे' असा वाचण्याकडे कल वाढला. गर्भाच्या आयतींतला 'अलक' शतकानुशतकं रक्ताची गुठळी होता. गर्भ काही रक्ताची गुठळी नसतो हे कळल्यावर तो चिकटून राहणारा झाला, मूर यांच्याकडे तर जळूसारखा. अरबीत हे अर्थ बसतात, खोटे नाहीत. पण ते निवडायला दर वेळी सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बीण आधी लागली.

यावर सर्वांत धारदार टीका बाहेरून आली नाही. ग्रानाडाच्या अल-शातिबीने चौदाव्या शतकातच म्हटलं होतं की सगळ्या विद्या कुराणाच्या माथी मारणाऱ्यांनी हद्द ओलांडली आहे. पाकिस्तानचे भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९७९ च्या नोबेल मेजवानीत पगडी-अचकन घालून सूरा मुल्कमधली आयत म्हटली : पुन्हा नजर टाक, कुठे भेग दिसते का? त्यांच्याच देशाने १९७४ मध्ये ज्यांच्या अहमदिया पंथाला गैरमुस्लिम ठरवलं होतं तो हा माणूस. आयतींनी त्यांना प्रेरणा दिली, सूत्रं त्यांनी गणितातून काढली, आणि विज्ञान एकच असतं, इस्लामी विज्ञान असं काही नसतं, हे त्यांनी लिहूनही ठेवलं. अल्जीरियाचे खगोलभौतिकीतज्ज्ञ निदाल गसूम आज श्रद्धावान राहून इजाझचा एकेक दावा तपासतात.

बिग बँगवर एवढा शाईचा खर्च होत असताना ग्रंथ आणि गणित खरोखर समोरासमोर येतात ते दुसरीकडेच. हदीस म्हणते, चंद्र पाहून रोजे धरा, चंद्र पाहून सोडा. आणि दुसरी म्हणते, आम्ही अशिक्षित समाज, ना लिहितो ना गणित करतो. इजिप्तचे हदीस-पंडित अहमद शाकिर यांनी १९३९ मध्ये यावरून उलटा युक्तिवाद केला : डोळ्यांनी पाहायचं कारण गणित येत नव्हतं हे होतं, आता येतं, तर गणित घ्या. तुर्कस्तान गणित घेतो. आपल्याकडे अजून साक्ष लागते.

मागच्या रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी शेजारचे चाचा गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून उभे होते. मी आमच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होतो. त्यांनी विचारलं, "क्यों भाऊसाहब, आपका मोबाइल क्या कहता है?" मी ॲप उघडून सांगितलं, चंद्र क्षितिजाच्या वर आहे, पण इतका बारीक आणि खाली की दिसणं कठीण. "है तो सही," ते म्हणाले, आणि शहरकाझींकडून निरोप येईपर्यंत तिथेच उभे राहिले.