ह्युगोच्या यादीत नाव येतं कसं? सत्तर वर्षांची पार्श्वभूमी

सायन्स फिक्शन आणि फँटसी वाचणाऱ्यांसाठी ह्युगो अवॉर्डची फायनलिस्टांची यादी म्हणजे वर्षभराच्या वाचनाची सोय असते. कोण जिंकलं ते नंतर कळतंच, पण त्या सहा नावांमधून किती तरी नवीन लेखक हाताला लागतात, म्हणून मला ती यादी ट्रॉफीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. आणि या अवॉर्डचा इतिहास बघितला तर मोठी भांडणं यादीवरूनच झालेली दिसतात.

सुरुवात अगदी साधी होती. १९५३ साली फिलाडेल्फियाच्या वर्ल्डकॉनमध्ये, म्हणजे सायन्स फिक्शनच्या चाहत्यांच्या मोठ्या संमेलनात, पहिल्यांदा ही बक्षिसं दिली, कादंबरीचं बक्षीस आल्फ्रेड बेस्टरला मिळालं. नाव दिलं ह्युगो गर्न्सबॅकचं, ज्याने १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिक काढलं होतं. पुढच्या वर्षी बक्षीस दिलंच नाही, १९५५ पासून मात्र दरवर्षी. आधी नामांकन, मग त्यातून अंतिम मतदान असे दोन टप्पे पक्के व्हायला ते दशक संपत आलं, आणि १९५९ मध्ये मतपत्रिकेवर ‘नो अवॉर्ड’ हा पर्यायही आला, म्हणजे यातलं काहीच बक्षिसाच्या लायकीचं नाही असं वाटलं तर तसं मत द्यायचं. हा पर्याय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे विज्ञानकथेचं बक्षीस म्हटलं की परीक्षक आले. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून, आणि तरी पहिला नंबर आला! इंग्लंडचा आर्थर सी. क्लार्क अवॉर्डही ज्युरीचा, १९९७ मध्ये अमिताव घोष यांच्या ‘द कलकत्ता क्रोमोझोम’ला मिळाला तो. नेब्युला नावाचं बक्षीस देतात अमेरिकेतले लेखकच, त्यांची संघटना १९६५ मध्ये झाली आणि त्यात नामांकनही लेखकांचं, मतही लेखकांचं. ह्युगोत मात्र वर्ल्डकॉनची मेंबरशिप घेतलेला कुणीही वाचक नामांकन करतो, मत देतो. हीच त्याची खरी श्रीमंती आहे असं मी मानतो, पण दार कुठून उघडं राहतं तेही इथेच कळतं.

कारण नामांकन करणारे लोक थोडे असतात. २०१५ मध्ये विक्रमी नामांकनं आली तरी ती २,१२२ मतपत्रिकांची. प्रत्येकाला एका विभागात पाच नावं लिहायची मुभा, आणि वर्षभरात कथा तर शेकड्याने छापून येतात, त्यामुळे मतं इतकी विखुरतात की शे-दोनशे लोकांनी ठरवून तीच पाच नावं लिहिली की अख्खा विभाग त्यांचा. सोसायटीच्या इलेक्शनला पॅनल उभं राहतं ना, तसंच. २०१३ पासून ‘सॅड पपीज’ नावाची मोहीम सुरू होती, लॅरी कोरिया या लेखकाने सुरू केलेली, त्यांचं म्हणणं होतं की ह्युगो फार राजकीय आणि साहित्यिक झालाय, मजेदार साहसकथांना कुणी विचारत नाही. २०१५ मध्ये त्यांची आणि त्याहून जहाल ‘रॅबिड पपीज’ची अशा ‘यांनाच नामांकन द्या’ सांगणाऱ्या दोन याद्या आल्या आणि लघुकादंबरी, लघुकथा असे काही विभाग पूर्णच त्यांच्या नावांनी भरले.

मग वाचक चिडले. अंतिम मतदानाला ५,९५० लोक आले, मेंबरशिपचे चाळीस डॉलर भरून, आणि पाच विभागांत चक्क नो अवॉर्ड जिंकला. त्याआधीच्या सगळ्या इतिहासात मिळून तो पाच वेळा जिंकला होता, इथे एका रात्रीत पाच! यात ज्यांनी काहीच मागितलं नव्हतं असे काही चांगले लेखकही भरडले गेले, न विचारता त्यांची नावं पपीजच्या यादीत टाकली होती, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या यादीतल्या मार्को क्लूसने तर स्वतःहून आपली कादंबरी मागे घेतली. त्या रिकाम्या जागी आली लिऊ छिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’, केन लिऊने इंग्रजीत आणलेली, आणि तीच जिंकली. कादंबरीचा ह्युगो मिळालेली ती पहिली अनुवादित कादंबरी.

पुन्हा असं होऊ नये म्हणून मोजणीच बदलली, २०१७ पासून. आता प्रत्येकाच्या मतपत्रिकेला एका विभागात एकच पॉइंट असतो, पाच नावं लिहिली तर प्रत्येकाला पाचवा हिस्सा. मग सगळ्यात कमी पॉइंटवाली दोन नावं घ्यायची, त्यातलं कमी मतपत्रिकांवर असलेलं बाद, आणि त्याचा हिस्सा त्याच मतपत्रिकेवरच्या उरलेल्या नावांना, असं करत करत सहा उरेपर्यंत. पॅनलवाल्यांची पाच नावं एकमेकांचेच पॉइंट खातात, त्यामुळे एखाद-दुसरं यादीत येईल, सगळी यायची नाहीत. शिवाय नावं पाचच लिहायची पण फायनलिस्ट सहा. मला हा उपाय फार आवडतो, कारण कुणावर बंदी न घालता काम होतं. आणि याच काळात एन. के. जेमिसिन २०१६, १७, १८ अशी सलग तीन वर्षं कादंबरीचा ह्युगो घेऊन गेली, असं आधी कुणालाच जमलं नव्हतं.

पण मोजणारेच गडबड करतील याचा विचार कुणी केला नव्हता. २०२३ चा वर्ल्डकॉन चीनमध्ये छंगतूला झाला. जानेवारी २०२४ मध्ये नामांकनांचे आकडे आले तेव्हा कळलं की आर. एफ. क्वांगच्या ‘बेबल’ला यादीत यायला पुरेशी नामांकनं होती, पण पुढे फक्त ‘अपात्र’ लिहिलेलं, कारण नाही. नेब्युला जिंकलेली कादंबरी ती! पुढच्याच महिन्यात मोजणाऱ्या टीमचे ईमेल फुटले, आणि त्यातून दिसलं की चिनी सरकारला कुणाचं काय खटकेल याची माहिती अमेरिका-कॅनडातले मोजणारेच गोळा करत होते. पॉल वायमर या फॅन लेखकाच्या, म्हणजे हौसेने या साहित्यावर लिहिणाऱ्याच्या, नावापुढे तिबेटला गेल्याची नोंद होती, प्रत्यक्षात तो गेला होता नेपाळला. सरकारी हुकूम दाखवायची गरजच पडली नाही, भीतीनेच काम केलं, आणि हे मला २०१५ पेक्षा जास्त गंभीर वाटतं. तेव्हाचं सगळं निदान उघड्यावर होतं.

पुढचा वर्ल्डकॉन ग्लासगोला होता, तिथल्या टीमने २०२४ मध्ये मग जास्तीत जास्त गोष्टी उघड करायचं ठरवलं. अंतिम मतदानात ३७७ मतं त्यांनी बाद केली आणि निकालाच्या आधीच तसं जाहीर केलं, कशी पकडली तेसुद्धा, म्हणजे ओळीने आलेल्या मतदारांच्या नावांत फक्त एक अक्षर पुढे सरकतंय, काही नावं तर सरळ आकड्यांची भाषांतरं. ही मतं एकाच फायनलिस्टला जिंकवायला टाकलेली होती, पण त्या व्यक्तीला यातलं काही माहीत असल्याचा पुरावा नव्हता, म्हणून नाव सांगितलं नाही आणि यादीतूनही काढलं नाही.