द बकेट लिस्ट (चित्रपट)

‘द बकेट लिस्ट’ हा रॉब रायनर यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन चित्रपट डिसेंबर २००७ मध्ये मोजक्या चित्रपटगृहांत आणि जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झाला. मरण जवळ आल्याचे कळल्यावर, आयुष्यभर राहून गेलेल्या इच्छा पुऱ्या करायला निघालेल्या दोन वृद्धांची ही कथा आहे. पटकथालेखक जस्टिन झॅकहम यांनी मरण्यापूर्वी करायच्या गोष्टींची स्वतःची यादी, म्हणजेच ‘बकेट लिस्ट’, आधीच करून ठेवली होती. आपली पटकथा हॉलिवूडच्या एखाद्या मोठ्या स्टुडिओने पडद्यावर आणावी, ही त्या यादीतील इच्छा वॉर्नर ब्रदर्सच्या या चित्रपटाने पूर्ण झाली.

कार्टर चेंबर्स (मॉर्गन फ्रीमन) हा मोटार मेकॅनिक आहे. त्याला इतिहासाचा प्राध्यापक व्हायचे होते. परंतु पैशांची चणचण, कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणारी परिस्थिती आणि घरात येऊ घातलेले मूल यांमुळे शिक्षण सुटले आणि ४५ वर्षे गॅरेजमध्ये गेली. एडवर्ड कोल (जॅक निकल्सन) हा अनेक रुग्णालयांचा धनाढ्य मालक, चार लग्ने मोडलेला आणि एकुलत्या एका मुलीशी बोलणे तुटलेला. आपल्या रुग्णालयांत एका खोलीत दोन खाटा असतीलच, हा त्याचाच नियम. त्यामुळे स्वतःला कर्करोग झाल्यावर त्यालाही स्वतंत्र खोली नाकारली जाते आणि तो कार्टरच्या शेजारच्या खाटेवर येतो. दोघांच्याही हाती सहा महिने ते वर्षभर इतकाच काळ उरल्याचे डॉक्टर सांगतात.

चित्रपटातील इच्छांची यादी मुळात कार्टरची आहे. महाविद्यालयातील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी असा एक स्वाध्याय दिला होता, त्याची आठवण म्हणून तो ती लिहायला घेतो. अनोळखी माणसाला मदत करणे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणे, काहीतरी खरोखर भव्य पाहणे, अशा तिच्यातील बऱ्याच नोंदींना पैसा लागतच नाही. एडवर्डच्या हाती ती लागल्यावर तिच्यात विमानातून उडी मारणे, गोंदवून घेणे, जगातील सर्वांत सुंदर मुलीचे चुंबन घेणे अशी भर पडते. पुढील जगप्रवास एडवर्डच्या पैशावर होतो: फ्रान्स, टांझानिया, इजिप्त, भारत, चीन. ताजमहाल त्यात आहे. पण आग्रा तेथे इतर स्थळांइतकेच चित्रमय आणि निर्जीव दिसते, हे भारतीय प्रेक्षकाला जाणवल्यावाचून राहत नाही.

चित्रपट खरा जमतो तो अशा भव्य ठिकाणांबाहेर. एडवर्डला ‘कोपी लुवाक’ या अतिमहाग कॉफीचा अभिमान असतो. ती उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या बियांपासून होते, हे कार्टर एका कागदावरून त्याच्यापुढे उघड करतो आणि दोघेही पोट धरून हसतात. हसण्याची नोंद अशी रुग्णालयात, कोणताही खर्च न होता खोडली जाते. सुंदर मुलीचे चुंबनही एडवर्डला मिळते ते स्वतःच्या मुलीच्या दारी जाऊन, पहिल्यांदाच भेटलेल्या नातीच्या गालावर.

निवेदनाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. एडवर्डच्या मृत्यूची बातमी आरंभीच कार्टरच्या आवाजात येते, म्हणून मागे राहिलेला कार्टरच असावा असे प्रेक्षक धरून चालतो. प्रत्यक्षात कर्करोग मेंदूत पसरून शस्त्रक्रियेदरम्यान कार्टरच आधी जातो आणि एडवर्ड ८१ वर्षांचा होईपर्यंत जगतो. दोघांच्या अस्थी कॉफीच्या डब्यांत घालून हिमालयातील शिखरावर नेणारा सहायक (शॉन हेस) यादीतील शेवटची नोंद खोडतो.

सुमारे ४.५ कोटी डॉलरच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १७.५ कोटी डॉलर मिळवले. अमेरिकेतील नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू या चित्रपटविषयक संस्थेने २००७ च्या दहा उत्तम चित्रपटांत त्याची गणना केली. बऱ्याच समीक्षकांनी मात्र तो भावविवश ठरवला. स्वतः कर्करोगाशी झुंजत असलेले समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला अवघा एक तारा दिला आणि यातील कर्करोग खऱ्या कर्करोगासारखा मुळीच नाही, असा आक्षेप घेतला. आक्षेप रास्त आहे: केमोथेरपीने खंगलेली माणसे काही दिवसांत आकाशातून उड्या मारू लागतात. निकल्सन आणि फ्रीमन यांच्या संवादफेकीमुळे ही उणीव झाकली जाते, भरून निघत नाही.

‘बकेट लिस्ट’ हा शब्दप्रयोग या चित्रपटामुळे जगभर रुळला. २०१९ मध्ये जपानमध्ये सायुरी योशिनागा आणि युकी आमामी यांना घेऊन त्याचे रूपांतर झाले. त्यात दोन्ही रुग्ण स्त्रिया आहेत. तेजस प्रभा विजय देऊस्कर दिग्दर्शित ‘बकेट लिस्ट’ (२०१८) हा माधुरी दीक्षित यांचा पहिला मराठी चित्रपट केवळ नावाने आणि यादीच्या कल्पनेने याच्या जवळचा आहे, ते रूपांतर नव्हे. त्यातील गृहिणीला हृदयप्रत्यारोपणाने नवे आयुष्य मिळालेले असते आणि हृदय देणाऱ्या तरुणीने मागे ठेवलेली यादी ती आपली मानून पुरी करायला घेते.